खाडीकडचं शेवटचं घर

शांतीबायच्या दारावर आमच्या चर्चची नोटीस चिकटवलेली होती. 'सदर घर हे आमच्या मंडळीचे पहिले पाळकगृह असून तीस दिवसांत रिकामे करावे.' खाली आधार म्हणून माझ्या लेखाचं नाव होतं. मी उभ्याउभ्या ती तीनदा वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

चर्चला नव्वद वर्षं झाली, त्या स्मरणिकेसाठी पनवेलमध्ये आमच्या पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, घरं कुठं कुठं होती, एवढंच मी शोधत होतो. निवृत्त ग्रंथपालाला दुसरं काय जमणार? आताचा फ्लॅट सुकापूरला, त्याआधीचं घर चर्चच्या मागे. पण पहिले पाळक सावळाराम कुठं राहत, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीत एका आजारी मुलाच्या नावापुढे मला सापडलं : 'पाळकांचे घरी, कोळीवाडा, खाडीकडील शेवटचे घर.' त्या आनंदात मी 'मंडळीचं पहिलं पाळकगृह' असं लिहून मोकळा झालो. घर मंडळीचं होतं हे मी कशावरून ठरवलं, ते आता मलाच सांगता येईना.

शांतीबाय ओट्यावर सुकट निवडत होती. वय माझ्याएवढंच, पंचाहत्तरीच्या आसपास.

"या मास्तर. गेल्या महिन्यात फोटो काढले, चाय प्याले. मना वाटला पेपरात येईल. तं ह्यो कागद आला."

"मला खरंच माहीत नव्हतं हो."

"माहीत नाय? लिवणारे तुमीच ना! माझा सासरा दादू, त्याच्या बापाचा घर हाय ह्यो. तुमच्या पाळकाला दादूनी अर्धी पडवी दिली व्हती. राहायला, कायमची नाय."

"पण इतकी मंडळी असताना पाळक इथं का राहिले?"

ती हसली. "ते तुमच्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांनी घरात घेतला नाय, म्हणून आमी घेतला. मी आता कुठं जाऊ, सांगा. समुद्रात?"

मी तडक चर्चमध्ये गेलो आणि कपाटातली पंचांच्या, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांच्या, सभांची वही काढली. ती मोडी लिपीत आहे. माझं मोडी वाचन कच्चं, असं स्वतःला बजावून मी ती उघडलीच नव्हती. मंडळीत मोडी वाचणारा दुसरा कुणी उरलेला नाही.

पान सापडलं. मजकूर वाचण्याआधीच अक्षर ओळखलं मी. याच अक्षरावरून गिरवत मी मोडी शिकलो होतो.

'नवे पाळक यांची पूर्वीची जात पाहता मंडळीतील कोणाचेही घरी त्यांची सोय करता येत नाही. सभेस येतील तेव्हा त्यांचे पाण्याचे भांडे वेगळे ठेवावे. दादू कोळी यांनी स्वतःचे घरात तात्पुरती जागा देऊ केली आहे, ती घ्यावी.' खाली चार सह्या. पहिली एलिया यांची. माझे आजोबा.

प्रभुभोजनाला एकाच प्याल्यातून सगळे पितात. तो प्याला रांगेतून फिरवताना मी आजोबांना पाहिलं होतं. मग सावळारामांचे ओठ लागल्यावर त्या प्याल्यातून कोण पीत होतं?

रविवारी उपासनेनंतर पंचांची सभा होती. पंचांचा अध्यक्ष कुंदन उत्साहात होता. "काकांमुळे जागा मिळतेय. शताब्दीला तिथं हॉल!"

"जागा आपली नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

कुंदननं वही घेतली, उलटी धरली. "हे काय काका, मुंग्या चालल्यात का?" सगळे हसले. "वाचा तुम्हीच."

मी फक्त शेवटचं वाक्य वाचलं, दादूनं जागा दिल्याचं. तेवढ्यावर भागेल असं वाटलं होतं.

"मग दिलीच ना त्यानं? पुढं आपल्याला दानही करून टाकली असेल," कुंदन म्हणाला. "नाहीतर परक्या माणसानं आपल्या पाळकाला उगाच कशाला ठेवून घ्यावं?"

'ठाऊक नाही' म्हणालो असतो तर गोष्ट तिथंच संपली असती. शांतीबायचं घर गेलं असतं, आजोबांचं नाव राहिलं असतं. मी बोट पहिल्या ओळीवर नेलं आणि सगळं वाचलं. पाण्याच्या भांड्याशी अडखळलो, तेव्हा ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे... आपल्या चर्चमध्ये?" सेक्रेटरी विनितानं विचारलं. "लिहिलंय कुणी?"

"माझ्या आजोबांनी."

कुंदननं कपाळ पुसलं. "नोटीस मागे घेऊ. आजच. पण काका, बाकीच्या सह्या वाचू नका."

"वाचा," विनिता म्हणाली.

मी कुंदनकडे पाहिलं नाही. दुसरं नाव वाचलं. ते त्याच्या पणजोबांचं होतं.