आमच्या दारासमोरची फरशी

बावीस वर्षांत धाकट्या दिराने माझा उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी आला तो बगलेत फळी घेऊन.

खेळण्यातल्या रेल्वेचं त्याचं खूळ जुनंच. घरभर रूळ आणि बोटाएवढे डबे. पण दर प्रदर्शनात परीक्षक एकच म्हणायचे, गाडी झकास, भोवती मांडलेलं गाव मेलेलं. रस्ता म्हणून काळा रंग फासला की दुसरं काय होणार?

रस्त्याचं वहिनींइतकं कोणाला कळतं, म्हणाला. कळतंच. नवरा गेला त्याच महिन्यात यानेच मला तान्ह्या लेकीसकट घराबाहेर काढलं आणि गल्लीभर सांगितलं, ती आपणहून गेली. लोकांना अजून तेच खरं वाटतं. मग मी फुटपाथच्या फरश्या बसवायच्या कामाला लागले. चौथी शिकलेल्या बाईला कोण खुर्ची देतं?

त्याला स्टेशनमागची आमची जुनी गल्लीच हवी होती. "जसं होतं तसं करा वहिनी. एक तडाही चुकायला नको."

"नाही चुकणार, भाऊजी."

रस्ता काळा नसतोच. राखेत खडूची पूड कालवली, मधे जरासा उंचवटा ठेवला, पाणी कडेला जायला. नळासाठी खणून बुजवलेला पट्टा वेगळ्या रंगाचा केला. गटाराचं झाकण म्हणून टिचबटण बसवलं. फुटपाथच्या फरश्या पुठ्ठ्याच्या, एकेक कापलेल्या, सांधे सुईने कोरलेले. आमच्या दारासमोरची फरशी एका कोपऱ्यात खचलेली होती, तीही तशीच खचवली. मागे आमचं दार उभं केलं. मग त्या दिवशी त्या फरशीवर जे होतं, तेही केलं.

फळी फडक्याखाली झाकून दिली. ओलं आहे, प्रदर्शनापर्यंत उघडू नका, म्हटलं. उघडली असती तरी काय? त्याची नजर इंजिनापलीकडे जातेय कुठे.

प्रदर्शनाला सगळी जुनी गल्ली आली होती. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाई भिंग घेऊन फळीवर वाकल्या. वा, वा करत फळीवरच्या आमच्या दारापाशी आल्या आणि थांबल्या.

"हे सामान कोणाचं हो? ट्रंक, वळकटी, शिलाई मशीन. आणि ही लेकरू घेऊन उभी बाई?"

"मी," म्हटलं. "दाराला कुलूप लावतायत ते हे आमचे भाऊजी. शर्ट बघा, त्यांचाच चौकडीचा."

कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी भिंग मागून घेतलं. बराच वेळ बघितलं. मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "तू तर म्हणाला होतास, ती आपणहून गेली."

त्याचं तोंड चुना लावल्यासारखं झालं. माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "वहिनी, हे काय केलंत?"

"जसं होतं तसं. तुम्हीच म्हणालात."

त्याने नखाने बाईला उपटायला बघितलं. हलेना. फरश्या बसवण्यात जन्म गेलाय माझा. बाई काढायची तर फुटपाथ फोडावा लागेल, आणि अध्यक्षबाईंनी तेवढ्यात त्या फुटपाथलाच पहिलं बक्षीस जाहीर केलं. फळी आता मंडळाच्या दिवाणखान्यात, काचेखाली.

काच पुसायची पाळी सभासदांमध्ये फिरते. दर चौथ्या रविवारी त्याची. मी जाते बघायला. खुर्ची घेऊन बसते आणि सांगते, "भाऊजी, दारापाशी धूळ राहिली."