पाचवी गोधडी

आत्याने चौतीस वर्षांत या घरासाठी बाळाच्या चार गोधड्या शिवल्या. त्यांतल्या एकीवरही कुठलं बाळ झोपलं नाही.

पहिली थोरल्या भाच्याची, दुसरी धाकट्याची, उरलेल्या दोन थोरल्याच्या मुलींच्या. चारही गोधड्या तिच्या भावाच्या, दादासाहेबांच्या, खोलीतल्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, प्रत्येकी एका प्लास्टिकच्या पिशवीत होत्या. पाहुणे आले की काढायच्या, पिशवीवरूनच दाखवायच्या आणि परत ठेवायच्या. घरात चांगली वस्तू वापरायची पद्धतच नव्हती. सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक होतं, रिमोट पिशवीत होता, आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर कंपनीचा स्टिकर होता. त्यामुळे पाच ते सात ही वेळ अंदाजाने ओळखावी लागे.

आत्या त्याच घराच्या रस्त्याकडच्या खोलीत कपडे अल्टर करायची. पँट आखूड करणं, ब्लाउज सैल करणं, चेन बदलणं. आता ती चौसष्टची होती. उजव्या अंगठ्याचा सांधा आखडला होता आणि सुईत दोरा सूनबाई, म्हणजे धाकट्याची बायको, ओवून देत होती. सूनबाईला आठवा महिना लागला तेव्हा आत्याने मनाशी हिशेब केला. सहावी गोधडी तिच्या हातून होणार नव्हती. पाचवी तरी बाळाखाली अंथरली जावी, ओली व्हावी, धुतली जावी, दोरीवर वाळावी.

"ही चिंध्यांची करणार," तिने सूनबाईला सांगितलं. "इतकी साधी, की जपून ठेवायचं कुणाच्या डोक्यातच येऊ नये."

चिंध्यांना तोटा नव्हता. पँटींच्या पायांचे कापलेले तुकडे, विरलेल्या कॉलरी, जुन्या चादरी. नमुनाही जुनाच, तिच्या आईच्या हातचा. मधे चार इंचांचा चौकोन. त्याला एका बाजूने पट्टी जोडायची, मग कापड फिरवून दुसरी, मग तिसरी, अशा गोल गोल पट्ट्या लावत जायचं. दोन बाजूंना फिक्या, दोन बाजूंना गडद. चार फेऱ्या, सोळा पट्ट्या, की छत्तीस इंचांचा चौरस तयार.

दुसऱ्या दिवशी दादासाहेब दाढीचा साबण शोधत खाली आले आणि मशीनवर तुकडे मांडलेले त्यांना दिसले.

"हे काय गं?"

"बाळाची गोधडी."

"कशाची?"

"पँटींची."

"कुणाच्या?"

"गिऱ्हाइकांच्या. हा तपकिरी बँकेतल्या कॅशियरचा. हा कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा."

दादासाहेब जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते आणि कुठल्याही गोष्टीकडे हद्दीच्या नजरेने बघायचे. "म्हणजे आपल्या घराण्याचं बाळ गावभरच्या पायांवर झोपणार?"

"पाय त्यांच्यापाशीच आहेत दादा. हे वरचं आहे."

रविवारी बैठक बसली. सूनबाईची आई, म्हणजे विहीणबाई, मुद्दाम आल्या होत्या. ठरलं असं, की चिंध्या रद्द. दोन्हीकडच्या आठ जवळच्या माणसांनी प्रत्येकी दोन पट्ट्यांचं कापड द्यायचं. "आठवण राहील," असं विहीणबाई म्हणाल्या. कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

दादासाहेबांनी नकाशा काढला. एका इंचाला एक सेंटीमीटर, शिवणीची जागा वगळून. प्रत्येक पट्टीवर नाव, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. फिक्या बाजू आईकडच्यांना, गडद बाजू बापाकडच्यांना. नकाशा फ्रीजवर चिकटवला.

विहीणबाईंनी चष्मा लावून तो वाचला. "पहिली पट्टी माझी?"

"अगदी मधल्या चौकोनाला लागून. बाळाच्या सगळ्यात जवळ तुम्ही."

"चार इंच?"

"सुरुवात चारनेच होते."

"आणि शेवटची, छत्तीस इंचांची, ती कुणाची हो?"

"ती... माझी. पण बघा, मी किती लांब! अगदी कडेला."

विहीणबाई पूर्वी शाळेत गणित शिकवत. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला बेरीज मांडली. "आमच्या आठ पट्ट्यांची लांबी एकशे चव्वेचाळीस. तुमच्या आठांची एकशे शहात्तर. बत्तीस इंच कमी आहोत आम्ही."

"हा नमुन्याचा नियम आहे, विहीणबाई. मी नाही केला."

"मग उलटं फिरवा. आधी तुमची पट्टी."

"म्हणजे जवळ आम्ही येऊ. चालेल?"

चालणार नव्हतं. जवळीकही हवी आणि लांबीही हवी, ही सोय नमुन्यात नव्हती. दोन तास गेले. धाकटा मधे एकदा म्हणाला, "छोटे छोटे नऊ चौक केले तर?" तेव्हा दोघांनी एकाच सुरात त्याला दूध आणायला पाठवलं. शेवटी लांबी बापाकडे, जवळीक आईकडे राहिली, आणि मधला चौकोन कुणालाच द्यायचा नाही असं ठरलं. दादासाहेबांनी नकाशात तिथे लाल पेन्सिलीने लिहिलं, 'वादग्रस्त.'

"आणि तिथे मी काय लावू?" आत्याने विचारलं.

"लाव काहीही," दोघं म्हणाले. काहीही म्हणजे धाकट्याच्या पहिलीतल्या निळ्या शर्टाची पाठ. तो तुकडा आत्याकडे पंचवीस वर्षं पडून होता.

आठवडाभरात कापडं आली. वापरलेलं कुणीच दिलं नाही. दादासाहेबांची डाळिंबी मखमल, विहीणबाईंचं मलईच्या रंगाचं सॅटिन, बाकीच्यांचे करकरीत सुती तुकडे. आठपैकी सहा जणांकडून किमतीची चिठ्ठी काढायची चुकून राहून गेली होती.

आत्याच्या दुकानात आरशाशेजारी एक पाटी आहे: 'नवे कापड आधी भिजवून आणावे.' न भिजवलेलं कापड घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ती दारातूनच परत पाठवते. एकदा एक नवरदेव लग्नाला चार दिवस राहिले असताना रडकुंडीला आला होता, त्यालाही तिने बादली दाखवली होती. म्हणून तिने मखमलीला थेट कात्री लावली तेव्हा सूनबाईच्या हातातली सुई थांबली.

"आत्या, भिजवलं नाहीत?"

"विसरले."

"तुम्ही?"

"वय झालं गं. दोरा ओव."

सूनबाईने दोरा ओवला. मात्र आतल्या अस्तरासाठी आत्याने जुनी चादर घेतली, ती दोनदा उकळून, हे तिने पाहून ठेवलं.

गोधडी पाच आठवड्यांत झाली, आणि अडचण अशी झाली, की ती सुंदर झाली. एका तिरक्या रेषेच्या अलीकडे उजेड, पलीकडे सावली, आणि मधे तो पोरगेला निळा तुकडा. दादासाहेब तिच्याभोवती दोनदा फिरले. टेप काढला.

"छत्तीस बाय छत्तीस," ते बहिणीला म्हणाले. "चारी कोपरे काटकोनात. ठकू, ही फ्रेमच करायची. काच लावून."

"बाळ काचेवर झोपणार का?"

"बाळाला काय कळतंय! फोटोपुरतं एक मिनिट ठेवू, खाली प्लास्टिक घालून."

"खाली नको, वर घाला प्लास्टिक," विहीणबाई म्हणाल्या. "बाळ वर असतं ना."

इतक्या दिवसांत या दोघांचं न भांडता एकमत प्रथमच झालं. सुताराला माप गेलं. टेबलावर सांडलेले दोऱ्यांचे तुकडे आत्या बोटाने गोळा करत राहिली.

त्याच संध्याकाळी सूनबाई तपासणीहून आली. दवाखान्याने नेहमीची छापील यादी दिली होती, बाळासाठी काय काय तयार ठेवायचं याची. ती तिने सासऱ्यांच्या हातात ठेवली. "बाबा, जरा वाचून सांगता? अक्षर बारीक आहे."

दादासाहेबांना कागद वाचायला आवडत असे. चौथ्या कलमाशी ते थांबले. "'बाळाजवळ ठेवायचे सर्व नवे कापड वापरापूर्वी गरम पाण्यात धुवावे.'"

"सर्व, म्हणजे गोधडीसुद्धा?" सूनबाईने विचारलं.

"ती फ्रेमची आहे."

"पण आधी फोटोसाठी एक मिनिट ठेवणार ना? बाळाजवळ?"

दादासाहेबांनी कलम पुन्हा वाचलं. खाली शिक्का होता. छत्तीस वर्षांच्या नोकरीत शिक्का असलेल्या कागदाच्या विरोधात ते कधी गेले नव्हते. "धुवा," ते म्हणाले. "गरम पाणी. लेखी आहे."

"नक्की ना दादा?" आत्याने विचारलं. "तू म्हणतोयस म्हणून हं."

"मी म्हणतोय."

धुण्याच्या मशीनने पन्नास मिनिटं घेतली. झाकण दादासाहेबांनीच उघडलं.

मखमलीचा रंग उतरला होता आणि वाटेत भेटेल त्याला लागला होता. मलईचं सॅटिन आता डाग पडलेल्या गुलाबी रंगाचं होतं. सुती पट्ट्या आटल्या होत्या, सॅटिन आटलं नव्हतं, त्यामुळे एकीने दुसरीला ओढून जागोजागी फुगे आले होते. उजेड आणि सावली यांमधली हद्द पुसली गेली होती. मधला निळा तुकडा, हजारदा धुतलेला, होता तसाच होता.

दादासाहेबांनी टेप लावला. "तेहतीस बाय पावणेचौतीस," ते हळूच म्हणाले. "चौरससुद्धा राहिली नाही."

"आमचं मलईचं होतं," विहीणबाई म्हणाल्या. "हे गुलाबी कुणाचं?"

"आणि ही बाहेरची, सुरकुतलेली, ही माझी नव्हे. माझी मखमल होती."

"नकाशात बघा ना," धाकटा म्हणाला. "नावं आहेत."

दादासाहेब फ्रीजपाशी गेले, नकाशा काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. पुढच्या दोन दिवसांत बाकीच्या सहा जणांनीही येऊन गोधडी पाहिली. आपली पट्टी कुठली ते एकालाही आठवेना. सुताराला निरोप गेला. दुकानातल्या पाटीकडे बघून दादासाहेब बहिणीला एवढंच म्हणाले, "तू भिजवलं नव्हतंस?"

"वय झालं दादा."

बाळ पंधरा दिवसांनी घरी आलं. मुलगी. फोटो सोफ्यावर काढले, प्लास्टिकवर, आणि प्रत्येक फोटोत ती घसरत असलेली दिसते. फोटो झाले तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "आता हिला खाली कशावर तरी ठेवा. ते... ते आहे ना, ते अंथरा."

'ते' अंथरलं. आत्याने सुरकुती सरळ करायचा प्रयत्न केला नाही. मुलीला मधे ठेवलं. तिने दोन्ही मुठी उघडल्या, एकदा शिंकली, आणि अकराव्या मिनिटाला चारी फेऱ्या ओलांडून जाईल इतपत काम उरकलं. कुणी ओरडलं नाही. ओरडण्यासारखं त्या गोधडीत काही उरलंच नव्हतं.

आत्याने हात खाली घालून ओल किती आत गेली ते चाचपलं. अस्तरापर्यंत गेली होती. तिने हात तसाच थोडा वेळ राहू दिला.

"बदलायला दुसरी हवी," सूनबाई म्हणाली. तिने मुलगी उचलून विहीणबाईंकडे दिली, सासऱ्यांच्या खोलीत गेली आणि लोखंडी कपाट उघडलं.

"अगं, त्या ठेवणीतल्या आहेत!" दादासाहेब मागोमाग धावले.

"बाळ ओलं आहे बाबा."

"पण धुतलेल्या नाहीत. चौथं कलम..."

"धुतल्यात. चारही. दवाखान्यात जायच्या आधी. गरम पाण्यात. वाळवून परत पिशवीत घातल्या." सूनबाईने पिशवी फाडली. "आत्यांनी जुनं कापड वापरलंय, रंग नाही गेला."

आत्याने सूनबाईकडे पाहिलं. सूनबाई पिशवीचे तुकडे गोळा करण्यात गुंतली होती.

बाहेर आली ती धाकट्याची गोधडी. एकतीस वर्षांची, एकही डाग नसलेली. धाकट्याने ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "ही माझी?" त्याने विचारलं. "मग मी कशावर झोपायचो?"

"टॉवेलवर," आत्या म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तिसरीही लागली. दोरीवर आधी ओल्या झालेल्या दोघी शेजारी शेजारी वाळत होत्या, एक सरळ आणि एक वेडीवाकडी. चौथी पिशवीतून काढताना घडीवर थोडी विरलेली निघाली. आत्याने खिडकीशी नेऊन उजेडात धरली.

"इथे चार टाके हवेत," ती सूनबाईला म्हणाली. "दोरा ओवून दे. घाई कर, पोरीचा काही भरवसा नाही."