चिंच गल्लीचा पिवळा शर्ट

“मी? मी चिंच गल्लीचा शर्ट घालू?” गुंडूनं माउस टेबलावर आपटला. “आरं गेममदी सोड, तिरडीवर सुद्धा पिवळं घालणार न्हाय मी!”

सातही मशीनवर हशा पिकला. मीही हसलो. सायबर कॅफे माझा, माउस माझा आणि आपटणारा माझाच मित्र, शिवाय आमच्या जुना हौद तालमीचा गोलकीपर. हसण्यावाचून करतो काय? काउंटरवरच्या आठव्या मशीनपाशी संगमेश उभा होता, तो तेवढा हसला नाही. हातातली चिठ्ठी त्यानं पुन्हा वाचली. त्यानं बनवलेल्या गेममध्ये कुणी कुठल्या बाजूनं खेळायचं हे त्यानं आठवडाभर आधीच लिहून ठेवलं होतं. चार जण जांभळ्या शर्टात, चार पिवळ्या.

“गुंडूदादा, नुसता रंग हाय ओ,” तो म्हणाला. “समोर कुणीतरी पायजेच की. त्याशिवाय गेम चालणार कसा?”

“मग तू हो की. न्हायतरी पावणाच हाईस.”

ही २००१ सालातली, फेब्रुवारीतल्या एका रविवारची गोष्ट. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेबाहेरच्या माणसाला ती सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. आमच्याकडे फुटबॉल हा खेळ नाही, जन्मदाखल्यावरचा रकाना आहे. कुस्तीच्या तालमींचेच इथं फुटबॉल संघ; आमची तालीम जांभळी, चिंच गल्लीची तालीम पिवळी. मॅचच्या आठवड्यात आमच्या गल्लीत कुणी पिवळा टॉवेलसुद्धा वाळत घालत नसे. मी तालमीचा सेक्रेटरी होतो, तेव्हा या वेडात माझा वाटा इतरांपेक्षा जरा जास्तच होता.

संगमेश मूळचा कुरुंदवाडचा. पेठेत एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होता. जळालेल्या मोटरमधली जुनी तार काढायची आणि तांब्याची नवी भरायची. त्याच्या बोटांना सदा वार्निशचा वास यायचा. आमच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहून त्याला सहा वर्षं झाली होती, पण त्याला नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. सगळे म्हणायचे पावणं. मीही तेच म्हणायचो. रोज दुपारी माझ्या कॅफेतल्या फोनवरून तो आईला फोन लावायचा, कानडीत “ऊट आत, अव्वा,” म्हणजे जेवण झालं, एवढं सांगायचा आणि ठेवायचा. जेवण बऱ्याचदा झालेलं नसायचं. दिवसभरात त्याच्याशी कामाव्यतिरिक्त बोलणारं तेवढंच एक माणूस होतं, हे आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, गडी अबोल आहे.

माझ्या मशीनी एकमेकींना वायरनं जोडलेल्या होत्या आणि त्यांवर आमची पोरं एक परदेशी गोळीबाराचा गेम खेळायची. संगमेश मागं उभा राहून बघायचा. एके दुपारी कॅफेत कुणी नसताना तो म्हणाला, “मालक, ह्या गेममदी सगळ्यास्नी सारखीच बंदूक हाय. सगळी सारखीच पळत्यात. हे काय खरं न्हाय.”

“मग कसं पायजे?”

“तुमच्या मॅचला गेलतो मी परवा. गोलकीपर येगळा, फॉरवर्ड येगळा. मोटरमदी बी प्रत्येक खाचेत आपापली कॉइल असती. सगळ्या एकाच खाचेत कोंबल्या तर मोटर नुसती गुणगुणती, फिरत न्हाय.”

तयार गेमच्या पोटात शिरून त्यातून आपला निराळा गेम करता येतो, त्याला मॉड म्हणतात, हे मला त्याच्याकडून कळलं. कुठल्या कुठल्या साइटवरची इंग्रजी पानं त्यानं छापून घेतली, डिक्शनरी घेऊन बसला. माझ्या कॅफेत दुपारी एक ते तीन माश्यासुद्धा येत नसत, म्हणून काउंटरवरचं मशीन मी त्याला देऊन टाकत असे. सात-आठ महिने तो त्यावर बसला. जेवायच्या सुट्टीत.

त्यानं आमची गल्लीच गेममध्ये आणली. त्यासाठी ती पावलांनी मोजली. तालमीच्या दारापासून पिठाच्या गिरणीपर्यंत एकशे बारा पावलं, तिथून हौद, पुढं चिंच गल्लीच्या तोंडाशी चिंचेचं झाड. तो खाली मान घालून आकडे पुटपुटत चालला की गुंडू कट्ट्यावरून ओरडायचा, “काय पावणं, म्युनिसिपालटीत लागलासा काय?”

आणि माणसं चार प्रकारची. पहिलवान, म्हणजे अंगावर कितीही गोळ्या झेलणारा पण जड. पळ्या, सुसाट पण दोन गोळ्यांत गारद. वायरमन, जो एका जागी यंत्र उभं करतो आणि ते आपोआप गोळ्या झाडतं. आणि चौथा कंपाउंडर. त्याच्याकडे बंदूकच नाही. जखमी गड्यापाशी जाऊन उभं राहायचं, त्याच्या जिवाचा आकडा पन्नासावरून शंभरावर न्यायचा. स्वतःला मात्र तो बरं करू शकत नाही.

“बिनबंदुकीचा कोण होईल लेका?” मी विचारलं होतं.

“मी हुतो की,” तो म्हणाला. “मला तेच आवडतंय. कुणीतरी हाक मारली की जायचं.”

शर्टांना त्यानं आमच्या दोन तालमींचे रंग दिले, तेही प्रेमानं. पेठेतली पोरं खूश होतील, असं त्याला वाटलं. समोरच्या बाजूनंही कुणीतरी पेठेतलंच पोर बसणार आहे, एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. सहा वर्षं राहूनही तो पेठेतला नव्हता याचा याहून मोठा पुरावा नको.

तर त्या रविवारी आम्ही सातही जण जांभळे झालो. संगमेश एकटा पिवळा. त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि चिठ्ठी खिशात ठेवली. दीड तास आम्ही त्याला मारलं. चिंचेखालून तो बाहेर यायचा, आम्ही सात जण गोळ्या घालायचो, तो पडायचा, पुन्हा यायचा. यंत्र उभं करायला बसला की मारला. पळाला की मारला. कुणी पहिलवान झालं नाही, कुणी वायरमन झालं नाही, सगळ्यांनी पळ्याच घेतला, कारण संगमेशला लवकर गाठता यायचं. शेवटी शेवटी तो कंपाउंडर होऊन आला आणि झाडाखाली नुसता उभा राहिला. बरं करायला त्याच्या बाजूला कुणी नव्हतं. गुंडूनं त्यालाही टिपलं. आम्ही मॅच जिंकल्यासारखे ओरडलो.

त्या दिवसापासून गल्ली त्याला पिवळं पावणं म्हणायला लागली.

पण गडी चिवट. पुढच्या रविवारी त्यानं रंग बदलून आणले, साधे तांबडे आणि निळे. चार-चार जण बसलेही. पाच मिनिटांत गुंडू उठला. “ह्यात चिंच गल्ली कुठं हाय? मग मारायचं कुणाला?” बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि जुना परदेशी गेम लावला. रंग होता तर समोर जायला कुणी तयार नव्हतं, आणि रंग काढला तर कुणाला खेळायचंच नव्हतं. यात चूक कुणाची म्हणायची? मी तर म्हणतो आमची. पण तेव्हा मी जुन्या गेममध्ये गुंडूच्या शेजारी बसलो होतो.

महिनाभरानं, एका बुधवारी दुपारी दीड वाजता, संगमेशनं मला काउंटरपाशी बोलावलं.

“मालक, पाच मिनिटं देता काय? रंग परत पिवळा केलाय. चिंच गल्ली चिंच गल्लीसारखी दिसाय पायजे. तुम्ही नुसतं माझ्या बाजूनं उभं ऱ्हावा. हलू बी नका. कंपाउंडर चालतोय का बघायचंय. एकट्याला ते बघता येत न्हाय.”

“पिवळ्यातनं?”

“व्हय. पाचच मिनिटं.”

कॅफेत चिटपाखरू नव्हतं. रस्त्यावरही नव्हतं. तरी माझी नजर दाराकडे गेली. गुंडू आला तर? सेक्रेटरी पिवळ्या शर्टात, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत तालमीत पोचली असती आणि पुढची दहा वर्षं पुरली असती. मी हसून म्हणालो, “काय तर बोलू नगंस मर्दा. तालमीतनं काढत्यात मला.”

तोही हसला. “राहू दे, राहू दे,” म्हणाला आणि पुन्हा मशीनकडे वळला.

त्यानंतरही तो दुपारचा येत राहिला. तासन् तास काहीतरी टाइप करत बसायचा. मला वाटायचं, वेळ घालवतोय. जून २००२ मध्ये त्याच्या मालकानं दुकान बंद केलं. संगमेश कुरुंदवाडला परत निघाला, तेव्हा निरोप घ्यायला आला होता. मी तालमीच्या मीटिंगच्या घाईत. तो म्हणाला, “तुमच्या स्टॅबिलायझरमदी नवी तार भरून ठेवलीया. आता बघाय नको.” मी बरं म्हणालो आणि गाडीला किक मारली.

२००९ मध्ये मी कॅफे बंद केला. घराघरांत नेट आलं होतं, पोरं मोबाइलमध्ये मान घालून बसायला लागली होती. मशीनी भंगारात द्यायच्या म्हणून एका सकाळी एकटाच बसून एकेकीतलं सामान तपासत होतो. काउंटरवरचं जुनं मशीन लावलं. स्टॅबिलायझर तोच होता, अजून ठणठणीत. आत ‘पेठ’ नावाचा फोल्डर दिसला. शेवटची तारीख जून २००२. म्हणजे आम्ही खेळायचं सोडलं, त्यानंतरही वर्षभराहून जास्त तो त्यावर काम करत होता.

मी गेम लावला. गल्ली उभी राहिली. आता प्रत्यक्षात पिठाची गिरणी पाडलेली, हौद बुजवून वर पार्किंग झालेलं. तिथं मात्र सगळं जागच्या जागी होतं. गेमनं विचारलं, कुठली बाजू? बोट सवयीनं जांभळ्यावर गेलं. मग थांबलं. मी पिवळं दाबलं. प्रकार विचारला, कंपाउंडर घेतला.

चिंचेखाली मी एकटा नव्हतो. पिवळ्या शर्टातला एक पुतळा तिथं उभा होता. चालत नव्हता, बोलत नव्हता. डोक्यावर इंग्रजी अक्षरांत माझं नाव, आकाराम. त्याखाली आकडा, पन्नास.

मी पाच मिनिटं दिली नाहीत म्हणून त्यानं मला तयार केलं होतं.

मी त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो. आकडा चढायला लागला. साठ, ऐंशी, शंभर. शंभर झाल्यावर पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटली, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी: ‘संगमेश, मी हाय तुझ्याकडनं.’

मोटरवाल्या ओळखीच्या माणसाकडून कुरुंदवाडचा नंबर मिळवला आणि फोन लावला. पलीकडे कॉइल गुंडाळायच्या मशीनचा आवाज येत होता.

“बोला, कुठली मोटर हाय?”

“मोटर न्हाय. संगमेश, मी आकाराम. कोल्हापूर. कॅफेवाला.”

मशीनचा आवाज थांबला.

“बोला की पावणं,” तो म्हणाला.

पूर्वी तो मला मालक म्हणायचा. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. “तुझा गेम सापडला. चालतोय अजून.”

“व्हय काय? पुसून टाका ओ. जुनं झालं ते.”

“मी पिवळ्यातनं खेळलो आज.”

त्यानं विचारलं, “गुंडूदादा हाय काय तिथं?”

“न्हाय. एकटाच हाय.”

“बरं बरं.”

“कंपाउंडर झकास चालतोय, संगमेश.”

“ठावं हाय मला. बघितलंवतं मी तवाच.”

“ये की एकदा रविवारी. दोघं खेळू. मशीनी ठेवतो मी, इकत न्हाय.”

“आता कुठलं, पावणं. पाण्याच्या मोटरी आल्यात ढिगानं, शेतकरी दारात बसल्यात. तुम्ही या कवातरी इकडं.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “ठेवू काय? गिऱ्हाईक आलंय.”

त्यानं ठेवला. कॉइलचं मशीन पुन्हा सुरू झाल्याचं मला तेवढं ऐकू आलं.

मी पडद्याकडे वळलो. जांभळ्या बाजूला कुणी नव्हतं. तालमीपासून गिरणीपर्यंत सगळी गल्ली रिकामी पडली होती. झाडाखाली आकाराम तसाच उभा होता, पण मी फोनवर असताना त्याचा आकडा पुन्हा पन्नासावर आला होता. संगमेशनं त्याला तसंच बनवलं असणार, म्हणजे कंपाउंडरला रोज दुपारी काम राहील.

मी खुर्ची पुढं ओढली आणि त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो.