टाकी तपासली

सिस्टरांनी टाकीचं अर्धवट उघडं पडलेलं झाकण दोन्ही हातांनी बाजूला सरकवलं आणि आतून आलेल्या भपकाऱ्याने त्यांची मान आपोआप वळली. शिडीच्या शेवटच्या पायरीवर एका हाताने कठडा धरून त्यांनी गळ्यातला स्कार्फ नाकावर ओढला आणि पुन्हा आत डोकावलं. पाण्यावर पिसांचा थर धरला होता. त्याखाली काहीतरी फुगून तरंगत होतं. एक नव्हे, तीन.

"काय आहे?" खालून कॅप्टनने विचारलं. त्याने शिडी धरली होती.

"कबुतरं."

"मेलेली?"

"नाही, पोहायला शिकतायत."

सिस्टरांनी स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा झारा आणि एक बादली वर मागवली आणि पहिलं कबुतर उचलायला गेल्या. अर्धंच वर आलं. उरलेलं झाऱ्यावरून घसरून पाण्यात पडलं आणि त्याचे चार थेंब स्कार्फवर उडून त्यांच्या ओठांना लागले.

छत्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला घाण नवीन नव्हती. पू, रक्त, चिघळलेल्या जखमा, सगळं निस्तरून, हात धुऊन त्या निवांत डबा खायच्या. बाकीच्या नर्सेस नाकं मुरडायच्या तेव्हा हसायच्या. आज मात्र सकाळी याच पाण्याचे दोन कप चहा आपण प्यायलो हे आठवलं आणि त्यांना उमासा आला. कठड्यावर कपाळ टेकून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग उरलेलं सगळं बादलीत काढलं, खाली उतरल्या आणि आधी मुख्य नळ बंद केला.

काल रात्रीपासून शिबिरातली अकरा मुलं उलट्या करत होती.

कॅप्टन सिस्टरांचा धाकटा दीर. शाळेत कवायत शिकवायचा. बावीस वर्षांपूर्वी त्याने हा ओसाड उतार साफ करून तंबूंचे ओटे बांधले, संडास बांधले, झाडं लावली. इथे पगार कुणालाच नव्हता. कुणी वायरमन, कुणी शिंपी, कुणी बँकेतला कारकून, सुट्टी टाकून यायचे आणि स्काउटच्या पोरांसाठी राबायचे. सिस्टर निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्याने त्यांना ओढून आणलं होतं. "वहिनी, घरात बसून गंजाल," म्हणाला होता. त्यांना तेव्हा फार बरं वाटलं होतं.

कॅप्टनने बादलीत पाहिलं, लगेच तिच्यावर पोतं टाकलं आणि इकडेतिकडे नजर फिरवली.

"हे बघा, टाकी रिकामी करू, घासू, ब्लीचिंग टाकू. दुपारपर्यंत टँकर येईल. पालक चार वाजता भेटायला यायचेत. उन्हाचा त्रास झाला म्हणून सांगायचं."

"आणि डॉक्टरांना?"

"त्यांनाही तेच."

"पाण्याचं सांगितलं नाही तर ते औषध कशावर देणार? उन्हावर?"

"वहिनी, तुम्ही आहात ना! मीठ-साखरेचं पाणी चालू आहेच. पोरं आहेत, उद्या उड्या मारतील. तीन कबुतरांपायी बावीस वर्षं मातीत घालायची का?"

तो हे अगदी हळू, समजुतीच्या स्वरात बोलत होता. बोलता बोलता त्याने पोत्याचं टोक बुटाने आत सारलं, बादलीतलं काही दिसू नये म्हणून. सिस्टरांची नजर त्या बुटावर गेली. बुटाला पॉलिश केलेलं होतं. अकरा मुलं आडवी, आणि याने पहाटे उठून बूट चमकवले होते.

"मला शिसारी येते भाऊजी तुमची," त्या म्हणाल्या.

कॅप्टनचा चेहरा पडला. तो वळून कार्यालयात गेला आणि निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन आला. दर सोमवारी कोणी काय तपासलं याची ती नोंदवही. त्याने पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

पाच सोमवार. 'टाकी पाहिली. स्वच्छ.' पाचही वेळा तेच सुबक, गोल अक्षर आणि खाली त्यांचीच सही.

गुडघे दुखायचे म्हणून त्या खालूनच बघायच्या. झाकण जागेवर दिसायचं. दिसायचं म्हणजे, असणारच असं वाटायचं. वॉर्डात एखाद्या पोरीने ताप न बघता तक्त्यावर आकडा भरला तर याच सिस्टर तिला सगळ्यांदेखत फैलावर घ्यायच्या.

"मी हे कुणाला दाखवणार नाही," कॅप्टन म्हणाला आणि वही मिटली. "घरचीच माणसं आपण."

तो खरंच मनापासून म्हणाला होता, आणि तेच त्यांना सोसवेना. त्या आजाऱ्यांच्या खोलीकडे निघाल्या. वाटेत नळावर हात धुवायला थांबल्या, नळ कोरडा निघाला. हात तसेच अंगापासून लांब धरून त्या आत शिरल्या.

दाराजवळच्या गादीवर संघनायिका पडली होती. तेरा वर्षांची, उंच, आपल्या संघातल्या सात मुलींवर आईसारखी ओरडणारी. आता तिचे ओठ सुकले होते. सिस्टरांना पाहून ती कोपरावर उठली.

"सिस्टर, मला एक सांगायचंय."

"झोपून सांग."

"मी घरून बिस्किटं आणली होती. मोज्यात लपवली होती. सगळ्यांना वाटली मी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सकाळी कॅप्टन म्हणाले, बाहेरचं कुणी खाल्लं असेल तर कबूल करा, त्यानेच झालंय. मी तेव्हा गप्प बसले. माझ्यामुळे झालं ना सगळ्यांना?"

"नाही."

"मग कशामुळे?"

सिस्टर गादीच्या कडेला बसल्या.

"पाण्यामुळे. टाकीत घाण होती. बिस्किटांचा काही संबंध नाही. आता बाटलीतलंच पाणी प्यायचं, घोट घोट."

"खरंच?"

"खरंच."

मुलगी मागे टेकली. तिने डोळे मिटले तेव्हा सिस्टर उठल्या. तिच्या कपाळावरून हात फिरवावा असं त्यांना वाटलं होतं, पण हात धुतलेले नव्हते.

कार्यालयात त्यांनी आधी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. मग पालकांची यादी समोर ओढली. कॅप्टन दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, नका."

त्यांनी पहिला नंबर लावला. मुलाची तब्येत सांगितली, मग म्हणाल्या, "पिण्याच्या टाकीत मेलेली कबुतरं निघाली. टाकी तपासायचं काम माझं होतं. मी तपासली नव्हती, नुसती सही केली होती."

"अहो, होतं असं कधी कधी," पलीकडून वडील म्हणाले. "तुम्ही लोक एवढं फुकट करता मुलांसाठी. मनाला लावून घेऊ नका."

दुसरीकडेही तेच. तिसऱ्या घरी आजीने फोन घेतला आणि उलट सिस्टरांनाच दुपारी आडवं व्हायला सांगितलं. कॅप्टनचे खांदे सैल पडत गेले. चौथ्या फोनच्या वेळी तो आत येऊन खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "बघा, लोक समजूतदार आहेत. मी उगाच घाबरलो." हा गोडवा, ही माया, सिस्टरांना पुसून टाकावीशी वाटत होती.

पाचवा नंबर संघनायिकेच्या आईचा होता. ती बस चालवायची. मागून इंजिनाचा आवाज येत होता. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वर चढला का नाहीत?"

"गुडघे दुखत होते."

"किती दिवस?"

"पाच आठवडे."

"आणि आज कशा चढलात?"

सिस्टरांनी मोकळा हात गुडघ्यावर ठेवला.

"मी विचारतेय, आज कशा चढलात?" बाईचा आवाज फाटला. "काम जमत नव्हतं तर सांगायचं होतं! फुकट करता म्हणून काय आमची पोरं मारणार? लाज नाही वाटत?"

कॅप्टन उठला आणि फोन घ्यायला त्याने हात पुढे केला. सिस्टरांनी मान हलवली आणि फोन कानाशी अधिक घट्ट धरला. बाई बोलत होती, बरंच बोलली, जिभेला हाड नसल्यासारखं बोलली. सिस्टर एकही शब्द न चुकवता ऐकत राहिल्या. सकाळपासून आत अडकलेला श्वास पहिल्यांदा पूर्ण बाहेर पडला.

"मी आत्ताच येतेय," शेवटी ती म्हणाली.

"या," सिस्टर म्हणाल्या. "मी फाटकाशी थांबते."