जादूघराचा दरवान

मुलांनो, समजा तुमच्या हातात एक जुनं पोस्टकार्ड आहे. पिवळं पडलेलं, चिमटीत जपून धरावं असं. त्यावर चार गोल खांबांची इमारत छापलेली आहे. आता ते भिंगाखाली धरा आणि समोर बसलेल्या म्हातारीला सांगा, फाटकाशी कोण उभं आहे ते. तिचा जीव त्या उत्तरात अडकला आहे.

रुपचंदनानांवर आज हीच वेळ आली होती.

चाळीसगावच्या टपाल कचेरीत नानांची तीस वर्षं पत्रांची वर्गवारी करण्यात गेली. नाद एकच. साहेबाच्या काळी गावोगावी काही बंधुमंडळं होती. आत घेतलेला प्रत्येक जण दुसऱ्याला भाऊ म्हणे, आणि आत काय चाले ते बाहेर कुणी बोलत नसे. म्हणून लोक त्या इमारतींना जादूघर म्हणत. अशा इमारतींची कार्डं नाना रद्दीतून, जुन्या बाजारातून शोधून आणत. एकसष्ट जमली होती. गावातलं जादूघर कधीच पाडलं गेलं होतं, पण त्याचं कार्ड नानांच्या वहीत पहिल्या पानावर होतं. मागच्या आठवड्यात त्यांनी ती वही शाळेत मुलांना दाखवली. चौथीतल्या मुमताजनं घरी जाऊन सांगितलं, आणि आज ती आपल्या आजीचा, हसीनाबीचा, हात धरून आली होती.

"या, बठा," वच्छलाबाईंनी सतरंजी टाकली. गावभर वही दाखवत फिरणाऱ्या नवऱ्याकडे, नानांकडे, बघून अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठा गावले दखाडी झायं, आते यास्ले बी दखाडा!"

"नाना, माझा अब्बा त्या जादूघराचा दरवान होता," हसीनाबी म्हणाली. "फोटोवाला आला त्या दिवशी अम्मीनं त्याला नवा साफा बांधून दिला होता. फाटकाच्या उजव्या अंगाला उभा होता. मी समोरच्या लिंबाखाली बसून बघत होते. दुसरा फोटो नाही हो त्याचा. आता डोळे मिटले तरी सूरत येत नाही. एकदा बघू द्या."

नानांनी कार्डावर भिंग धरलं. फाटकाचा डावा खांब होता. उजवा नव्हता.

त्यांना सगळं आठवलं. वहीतले खण एकाच मापाचे, कार्डं मात्र लहानमोठी. ज्या हातांनी जन्मभर प्रत्येक पत्र ठरल्या खणात बसवलं, त्या हातांना हे कसं सोसावं? नानांनी कात्री घेतली होती. इमारत मधोमध यावी, म्हणून कडेचं झाड, टांगा, माणूस, सगळं काढून टाकलं होतं. साफेवाला एक माणूस तेव्हा त्यांनी पाहिलाही होता. बोटभर कागद. चुलीत गेला.

'फोटोवाल्यानं त्यांना फोटोत घेतलंच नसेल,' एवढं म्हटलं की सुटका होती. हसीनाबीला काय कळणार होतं?

"हसीनाबी," नाना म्हणाले, "तुमचे अब्बा होते यात. मी कापले. वहीत बसावं म्हणून."

वच्छलाबाई पुटपुटल्या, "माणूस कापी टाका, अन् इमारतनी भीत ठेवी!"

हसीनाबी हसली; ते हसू बघवत नव्हतं. "जाऊ द्या, नाना. आतले सगळे भाऊ-भाऊ होते. अब्बा तेव्हाही फाटकाबाहेरच होता." ती गुडघ्यावर हात टेकून उठू लागली. "चल, मुमताज."

पण मुमताज भिंगावरून हलेना. "दादी, थांब. हे काय आहे?"

कापलेल्या कडेपासून एक काळी पट्टी फरसबंदीवर तिरपी गेली होती. तिच्या टोकाला वाटोळा गठ्ठा, वर तुऱ्यासारखं काहीतरी.

"सावली," नाना हळूच म्हणाले. "साफ्यासकट सावली राहिली."

मुमताजनं दप्तरातून चित्रकलेची वही काढली. कोऱ्या पानावर कार्ड ठेवलं. सावली जिथं तुटली होती, तिथं कार्डाच्या कडेला चिकटून तिनं पानावर आधी दोन पायांचे ठिपके दिले. मग पेन्सिल थांबवून विचारलं, "दादी, वहाणा होत्या का?"

"नाही गं. अनवाणी." हसीनाबी पुन्हा खाली बसली. तिनं डोळे मिटले.

"मिशा?"

"होत्या. एक बाजू जरा खाली. विडीनं जळलेली."

मुमताजनं एक बाजू जरा खाली काढली.