टोक तर तेच आहे

मी सुरू होत नाही, म्हणून बोलतोय. चालू होतो तेव्हा पंख्यांच्या घरघरीत माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

मी घरच्या घरी क्रिप्टो खणणारं मशीन. खणणारं म्हटलं की कुदळ-फावडं डोळ्यांसमोर आणू नका. ॲल्युमिनियमची उघडी चौकट, एक मदरबोर्ड, ओळीने टांगलेली सहा ग्राफिक्स कार्डं, आणि खाली सगळ्यांना वीज वाटणारा जड डबा, म्हणजे पॉवर सप्लाय. दिवसभर मी आकड्यांची कोडी सोडवायचो आणि बदल्यात कुठूनतरी न दिसणाऱ्या नाण्याचा एखादा कण यायचा. माझी गरम हवा मात्र खरी होती. आई माझ्यासमोर खुर्ची मांडून ओले टॉवेल वाळवायची.

मला बांधलं या घरातल्या मुलीने. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेली. बाबा तिला 'मेस्त्री' म्हणायचे. "इंजिनीअर व्हायला धाडली होती, मेस्त्री होऊन आली," हा त्यांचा ठरलेला विनोद. तिने चार दिवस जमिनीवर बसून मला जोडलं, पत्र्याच्या कडांनी बोटं सोलून घेतली, केबली एकसारख्या वळवून पट्ट्यांनी बांधल्या. पाहुणे आले की बाबा माझ्या चौकटीवर हात ठेवून म्हणायचे, "मीच बसवलं. घरातल्या घरात." मुलगी आत पाणी भरायला जायची.

एका सकाळी माझे पंखे अर्धा फेरा फिरले आणि थांबले. पुन्हा बटण, पुन्हा अर्धा फेरा. लिफ्ट येत नाही म्हणून माणूस दाबत राहतो तसं बाबांनी बटण दाबलं. मग एक चापट मारली. मग ओरडले, "मेस्त्री, काय करून ठेवलंस?"

तिने काही केलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तीही भांडत बसली नाही. तिने सहाही कार्डं काढली आणि एकच लावून बटण दाबलं. मी चाललो. दुसरं लावलं, चाललो. तिसरं, चाललो. चौथ्याला आडवा पडलो. कुणीही म्हणालं असतं, चौथं कार्ड खराब. तिने ते काढून पाचवं लावलं. पुन्हा तेच. मग सहावं. तेव्हा तिला कळलं की कार्डं बरी आहेत, डबा थकलाय. तीन जणांना पुरतं, चौथ्याला वाढायला त्याच्याकडे काही उरत नाही.

"नवा पॉवर सप्लाय मागवा," ती म्हणाली. "जोडते मी."

"सुरू करून दाखव," बाबा म्हणाले. "एक कार्ड तुझं."

ते एक कार्ड म्हणजे तिच्यासाठी या घराचं दार होतं. घरांचे आराखडे करणाऱ्या एका ऑफिसात काम मिळत होतं: न बांधलेल्या घरांची चित्रं काढायची, खिडकीतून ऊन नेमकं कुठे पडेल ते दाखवायचं. कॉम्प्युटर स्वतःचा आणायचा; जुना चालेल, पण कार्ड दमदार हवं, ही त्यांची अट. तिने सहाव्या कार्डाला चिकटपट्टीचा तुकडा लावला. त्यावर काही लिहिलं नाही.

नवा डबा आला तेव्हा ती त्याच ऑफिसात बोलणी करायला गेली होती. जाताना सांगून गेली होती, "आला तर उघडू नका. तीनपर्यंत येते मी."

मामा जेवायला आला होता. एके काळी दोन-चार रेडिओ खोलल्याच्या पुण्याईवर आयुष्यभर सल्ले देणारा माणूस.

"दाजी, डबा काढायचा, डबा लावायचा. यात कसलं शास्त्र?"

"थांबा म्हणालीय ती."

"घर तुमचं का तिचं?"

एवढं पुरलं. बाबांनी खोका फाडला. नव्या केबली बाहेर काढल्या आणि विचारलं, "या?"

"राहू देत. जुन्या बघा किती सुबक बांधल्यात पोरीने. त्या कापायच्या कशाला? टोक तर तेच आहे."

टोक तेच होतं. आतल्या तारांचा क्रम तो नव्हता. दर कंपनीचा वेगळा असतो. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. बटण दाबलं, आणि ज्या वाटेने वीज परत जायची त्याच वाटेने ती आत शिरली. मदरबोर्ड गेला. सहाही कार्डं गेली. चिकटपट्टी वाकडी होऊन पडली.

मग मामाने चष्मा लावून माहितीपत्रक उघडलं. 'सोबत दिलेल्याच केबली वापराव्यात.' ठळक अक्षरांत, पहिल्याच पानावर. मग भाजीच्या कात्रीने तिच्या पट्ट्या कापल्या गेल्या, नव्या केबली नीट लावल्या गेल्या आणि जुन्या केबली मामाच्या पिशवीत गेल्या.

"सांगून टाका तिला," आई म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

ती पडली नाही. तीस वर्षं पडलेली नाही. टॉवेलाच्या घड्या घालत बसली.

मुलगी पावणेतीनला आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "मिळालं काम. सोमवारपासून." मग तिला वास आला.

"पुस्तकात लिहिलंय तसंच्या तसं लावलं," बाबा म्हणाले. "तरी जळलं. तूच आधी काहीतरी उलटसुलट करून ठेवलं असणार."

मामा हात धुता धुता म्हणाला, "शिक्षण अर्धवट सोडलं की असंच. हात सगळीकडे, अक्कल कुठेच नाही."

दोन दिवस ती माझ्यापाशी बसून होती. एक कार्ड, बटण, काही नाही. दुसरं कार्ड, बटण, काही नाही. प्रत्येक जोडणी सोडून पाहिली आणि प्रत्येक बरोबर निघाली. एक जरी चूक सापडली असती तरी ती वाचली असती. चूक सापडेना, म्हणून तिने ती स्वतःत शोधली.

सोमवारी तिने ऑफिसला फोन केला. "कार्ड नाही आता, मॅडम. जळलं. हो, माझ्याच हातून."

बाबा दोन हातांच्या अंतरावर बसले होते. त्यांनी पेपराचं पान उलटलं.

धुराने मी मेलो नव्हतो. त्या 'माझ्याच हातून'ने मेलो.

आता मी जिन्याखाली आहे. भंगारवाला येईल, तांबं वेगळं करेल, ॲल्युमिनियम वेगळं. मला वाचवा असं मी म्हणत नाही, वाचवण्यासारखं काही राहिलेलं नाही. एवढंच मागतो: तुमच्या घरात कुणी पोर 'माझंच चुकलं असेल' म्हणत मान खाली घालून बसली असेल, तर तिला समजावू नका. मोठ्यांना समोर बसवा आणि विचारा, ती घरी नव्हती तेव्हा मशीनपाशी कोण होतं.