काळ्याची घागर

खडी फोडताना बायांना नागुबाईची गोष्ट लागायचीच. लातूर जिल्हा झाला, रस्ता आला. पाऊस तेवढा आला नाही. हातोड्याच्या ठेक्यावर ती सांगायची : घराच्या पोटात दडलेला काळा राक्षस, आणि पांढऱ्या घोड्यावरून येऊन त्याचं मुंडकं उडवणारा उजेडाचा राजा. राक्षसाचा आवाज ती असा काढी की तिची लहानगी सिंधु पदरात शिरे.

"लई भेव घालतीस बाई लेकराला," पार्वतीबाई हसायची.

उन्हं तापली तशी नागुबाई सिंधुला घरीच ठेवू लागली. माळवदाची एकच खोली, खिडकी नसलेली, भर दुपारीही गार. दाराआड पाण्याचा डेरा.

एका दुपारी शेजारचा शेषेराव कामावर पळत आला. "वैनी, पोरगी अंगणात पडली हाय!"

ऐन उन्हात, तापल्या फरशीवर सिंधु. अंग तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही. नागुबाई तिला उचलून आत निघाली, तर पोरीनं चौकट घट्ट धरली.

"आत नको माय. आत त्यो हाय. राजा उन्हातून येणार, म्हून हितं बसले."

नागुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर ठेवली तर उन्हानं जाईल, ओढून आत नेली तर धसक्यानं. ती उंबऱ्यावरच बसली.

"आगं, गोष्ट अर्धीच सांगितली की मी! राजाचा घोडा लई तहानेला. नदी पिला, आड पिला, गुरांच्या डोळ्यांतलं पाणी पिला. एक घागर उरली. ती काळ्यानं पोटाशी धरून अंधारात दडवली, लेकरांसाठी. म्हून तर राजा त्याच्या मुंडक्यावर टपलाय."

"खरं?"

"हात लावून बघ."

सिंधुनं चौकट सोडली. अंधारात लांबवलेला तिचा हात नागुबाईनं डेऱ्याच्या ओल्या पोटाला टेकवला.

"माय... गार हाय त्यो."

ओल्या फडक्यानं पुसता पुसता दिवेलागणीला ताप उतरला. नागुबाईनं चिमणी लावायला काडी ओढली, तशी सिंधु किंचाळली.

"लावू नको! राजाला घर दिसंल!"

काडी बोटाशी येऊन विझली.

सकाळी पोरीला अंधारात ठेवून, दार ओढून ती खडीवर गेली.

"मंग नागुबाई," पार्वतीबाईनं विचारलं, "राजा कुठवर आला?"

नागुबाईनं माळावर चढणाऱ्या उन्हाकडं पाहिलं.

"आला," म्हणाली, आणि हातोडा उचलला.